कूलर दिग्रसमध्ये, बटण सर्व्हरवर: घरातल्या थर्मोस्टॅटचा ताबा नक्की कुणाकडे?

आज सुरुवात एका चुकीपासून करतो, आणि ती चूक माझीच आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घर यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसला. एप्रिलमध्ये चार दिवस सुट्टी काढून घरी गेलो आणि आजीच्या खोलीतल्या कूलरला वायरलेस थर्मोस्टॅट बसवून आलो. भिंतीवर एक छोटा तापमानाचा सेन्सर, स्विचबोर्डात जुन्या बटणाच्या जागी वायफायवर चालणारा रिले आणि मोबाईलमध्ये ॲप. खोली ३० अंशांच्या वर गेली की कूलर सुरू, २७ च्या खाली आली की बंद. पुण्यात बसून आजीच्या खोलीचं तापमान दिसायचं. ऑफिसमध्ये चार जणांना दाखवलंसुद्धा.

मग नवतपा लागला. दुपारी दोनच्या सुमारास आईचा फोन. "अरे, लाईन आली, पण कूलर चालू नाही होऊन राहिला. काय करून ठेवलं बापा तू?"

ॲप उघडलं तर 'डिव्हाइस ऑफलाइन'. झालं असं होतं की लाईन पाऊण तास गेली आणि परत आली, पण ब्रॉडबँड काही आलं नाही. वीज आल्यावर रिले जागा झाला, मात्र त्याची मूळ सेटिंग 'वीज आल्यावर बंद राहा' अशी होती आणि ती मी बदललीच नव्हती. 'चालू हो' हा हुकूम यायचा होता कंपनीच्या सर्व्हरवरून, आणि सर्व्हरपर्यंत जायला इंटरनेट नव्हतं. भिंतीवरचं बटण तर मीच काढून टाकलेलं. बाहेर ४४ अंश, आत ऐंशी पार केलेली आजी, आणि आईच्या हातात दाबायला काहीच नाही. शेवटी शेजारच्या काकांनी बाजूच्या खोलीतून एक्स्टेंशन ओढून कूलर सुरू केला. ओल्या पत्र्याच्या कूलरजवळ लोंबकळणारं एक्स्टेंशन! त्याचाही फोटो आला, तेव्हा माझीच मला लाज वाटली.

आजीला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून थर्मोस्टॅटबद्दलच्या बातम्या मी वेगळ्या नजरेनं वाचायला लागलो. त्यातल्या तीन बातम्या आधी बघू, मग वायरिंगकडे वळू.

तीन बातम्या, प्रश्न एकच

पहिली आपल्याकडची. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी सांगितलं की एसीचं तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेत ठेवण्याचा सरकारचा विचार आहे. सोशल मीडियावर मीम्सचा पूर आला. पण या घोषणेच्या आधीची एक पायरी बऱ्याच जणांना माहीत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंग असलेला नवा रूम एसी सुरू केला की आपोआप २४ अंशांवर सुरू होतो. ती फक्त सुरुवात असते, तुम्ही १८ करू शकता. नव्या प्रस्तावात मात्र मर्यादा थेट मशीनवर येणार. कारणही खरं आहे. ३० मे २०२४ ला देशातली विजेची मागणी २५० गिगावॉटपर्यंत गेली होती, आणि ब्युरोच्या हिशेबानं एसी एक अंश वर ठेवला की त्याची सुमारे ६ टक्के वीज वाचते.

दुसरी बातमी गूगलची. नेस्ट थर्मोस्टॅट २०११ मध्ये बाजारात आला आणि २०१४ मध्ये गूगलनं ती कंपनी ३.२ अब्ज डॉलरला घेतली. स्मार्ट होम हा शब्द लोकांच्या तोंडी बसवण्यात या गोल डबीचा मोठा वाटा. २५ ऑक्टोबर २०२५ ला गूगलनं नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांचा सपोर्ट बंद केला. वस्तू भिंतीवर ठणठणीत, पण मोबाईल ॲपमधून तिचा ताबा गेला. भिंतीवरची चकती फिरवून तापमान बदलणं मात्र चालू राहिलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तिसरी त्याच महिन्यातली. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या क्लाउडमध्ये मोठा बिघाड झाला. त्यात एट स्लीप नावाच्या कंपनीचे गार-गरम होणारे स्मार्ट पलंगही अडकले. पलंग बेडरूममध्ये, पण त्याचं तापमान बदलता येईना, कारण हुकूम क्लाउडमधून येत होता.

सरकार, कंपनी, सर्व्हर. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: घरातलं तापमान ठरवताना शेवटचा हात कुणाचा?

परदेशी थर्मोस्टॅट आपल्याकडे का बसत नाही?

यूट्यूबवर 'थर्मोस्टॅट इन्स्टॉलेशन' शोधलं की अमेरिकन व्हिडिओ येतात. भिंतीतून चार-पाच बारीक रंगीत वायरी बाहेर काढतात, आर, सी, वाय, जी, डब्ल्यू अशा खुणांच्या स्क्रूखाली लावतात, डबी दाबून बसवली की झालं. सोपं वाटतं. पण त्या वायरींमध्ये फक्त २४ व्होल्ट असतात. तिकडे अख्ख्या घराला एकच हीटर आणि एकच कूलिंग यंत्रणा असते आणि थर्मोस्टॅट तिला दुरून इशारा देतो. 'सी' वायर नसेल तर थर्मोस्टॅटला स्वतःला सतत वीज मिळत नाही, म्हणून तिकडच्या व्हिडिओंत तिच्याबद्दल एवढी रडारड असते.

आपल्याकडे ही भानगडच नाही. आपल्या स्प्लिट एसीचा थर्मोस्टॅट एसीच्या आतच असतो. कूलरला तर थर्मोस्टॅट नसतोच, असतं ते बटण, आणि त्यातून थेट २३० व्होल्ट जातात. तो व्हिडिओ बघून आपला बोर्ड उघडणं म्हणजे खेळण्यातली गाडी चालवून ट्रक हातात घेण्यासारखं आहे.

एसी असेल तर

एसी असेल तर वायरिंगला हात लावायचं काम नाही. आयआर ब्लास्टर नावाची डबी मिळते. ती वायफायवरून तुमचा हुकूम घेते आणि रिमोटसारखाच इन्फ्रारेड प्रकाश एसीवर टाकते. रिमोटचा प्रकाश साधारणपणे सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्यातच संदेश असतो. टीव्हीचा रिमोट 'आवाज वाढव' एवढंच सांगतो. एसीचा रिमोट मात्र प्रत्येक वेळी पूर्ण परिस्थिती पाठवतो: चालू, २५ अंश, कूल मोड, फॅन मध्यम. म्हणून ब्लास्टर एसीसाठी बऱ्यापैकी भरवशाचा आहे.

पण हा रस्ता एकेरी आहे. एसीनं ऐकलं की नाही, हे ब्लास्टरला कळत नाही. मध्ये पडदा आला तर ॲपमध्ये एसी चालू आणि खोलीत बंद, असंही होतं. आणि एक गोष्ट अजिबात करू नका: इन्व्हर्टर एसीला स्मार्ट प्लग लावून तापमानानुसार वीज तोडणं-जोडणं. कॉम्प्रेसरचा वेग हळूहळू कमी करत वीज वाचवायची, हीच त्या मशीनची खुबी आहे. मध्येच वीज तोडली तर बचतही जाते आणि मशीनवर ताणही येतो.

पण आमच्याकडे कूलर आहे

२० की २४, हा वाद दिल्ली-मुंबईच्या टीव्हीवर चालतो. विदर्भातल्या बहुतेक घरांत उन्हाळा निघतो तो लोखंडी पत्र्याच्या कूलरवर आणि वाळ्याच्या ताट्यांवर. एसीची मर्यादा आली तरी त्या खोल्यांत काहीच बदलणार नाही. आणि इथेच माझी दुसरी चूक सापडली, जी पहिलीपेक्षा मूलभूत होती.

कूलर कॉम्प्रेसरनं गार करत नाही. ताट्यांतलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून हवा गार होते. याला एक तळ आहे, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा तळ सुमारे २३ अंशांवर असतो. चांगला कूलर तळापर्यंत जात नाही, पाऊण रस्ता जातो, म्हणजे हवा साधारण २८ अंशांची मिळते. बाहेरच्यापेक्षा १६ अंश कमी, तेही दोन पंख्यांएवढ्या विजेत!

आता जूनचा विचार करा. हवा ३५ अंश, आर्द्रता ६० टक्के. तळ सरकून २८ च्या वर आला. कूलरमधून येणारी हवा ३० अंशांची, वर ओलीचिंब. घाम सुकत नाही, अंथरूण दमट होतं आणि आजी म्हणते, "बंद कर ते, अंग चिकचिक करून राहिलं."

म्हणजे मी लावलेला '२७ ला बंद' हा नियम मेमध्ये दुपारभर कधीच लागू होणार नव्हता, कारण खोली २७ वर येणारच नव्हती. आणि जूनमध्ये तो कूलर चालूच ठेवणार होता, जेव्हा पंप बंद व्हायला हवा होता. एसीचा थर्मोस्टॅट मी डोळे झाकून कूलरवर चिकटवला होता. कूलरला तापमानापेक्षा आर्द्रतेवर चालणारा नियम हवा, आणि तोही फक्त पंपाला. पंखा माणसाच्या हातात राहू द्यावा.

यातून किती वीज वाचते? खरं सांगतो, जवळजवळ काही नाही. पंप २०-२५ वॉटचा. दहा तास चालला तरी पाव युनिटच्या आत. वाचतं ते पाणी. एक किलोवॉटएवढा गारवा तासभर मिळवायला साधारण दीड लिटर पाणी वाफ करावं लागतं. ज्या घरात नळाची वेळ बघून टाकी भरावी लागते, तिथे ओल्या हवेत उगाच पाणी उडवण्यात अर्थ नाही. आणि वाचते ती झोप.

दुसऱ्यांदा केलेलं वायरिंग

पुढच्या शनिवारी घरी गेलो आणि यावेळी गावातल्या परवानाधारक वायरमनना सोबत घेतलं. तुम्हीही घ्या. रिलेची सेटिंग तुम्ही करा, २३० व्होल्टच्या जोडण्या त्यांना करू द्या. काय काय केलं ते क्रमानं सांगतो.

१. मेन स्विच बंद करून बोर्डात वीज नाही याची मल्टीमीटरनं खात्री केली. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ, असा आपल्याकडचा रिवाज. पण जुन्या घरात हाताला लागेल ती वायर वापरलेली असते, म्हणून रंगावर भरवसा ठेवला नाही.

२. न्यूट्रल शोधला. साध्या बटणाला फक्त फेज लागते, पण वायफाय रिलेला स्वतः जागं राहायला न्यूट्रलही लागतो. बोर्डावर सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथपर्यंत आलेला असतो. 'न्यूट्रलची गरज नाही' असं लिहिलेले स्मार्ट स्विचही मिळतात. ते दिव्यातून अगदी थोडा करंट सोडून स्वतःचं पोट भरतात, कूलरच्या पंपासाठी ते घेऊ नका.

३. भार वेगळे केले. रिलेवर '१० अँपिअर' लिहिलेलं असतं, ते बहुतेकदा बल्ब किंवा हीटरसारख्या साध्या भारासाठी असतं. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि बंद होताना संपर्कांवर ठिणगी पाडते. महिनाभरात संपर्क चिकटून बसू शकतात, मग ॲपमध्ये बंद आणि खोलीत चालू. म्हणून पंखा जुन्या साध्या बटणावर परत नेला. रिलेवर फक्त छोटा पंप.

४. टू-वे स्विच बसवला. जिन्यात खाली-वर लावतो तोच, किंमत किरकोळ. मधला संपर्क पंपाकडे. एका बाजूला थेट फेज, दुसऱ्या बाजूला रिलेतून आलेली फेज. बटण वर केलं की पंप थेट चालू, रिले जिवंत असो की मेलेला. बटण खाली केलं की ऑटोमॅटिक. अख्ख्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

५. अर्थिंग तपासलं आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. दर उन्हाळ्यात आपल्या भागात कूलरचा शॉक लागून माणसं, लहान मुलं गेल्याच्या बातम्या येतात. पत्र्याची बॉडी, खाली ओली फरशी, सैल अर्थ. करंट गळायला लागला की आरसीसीबी क्षणात वीज तोडतो. बजेट मर्यादित असेल तर आधी हा घ्या, स्मार्ट वस्तू पुढच्या वर्षी. आणि आरसीसीबी असला तरी कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढायचाच.

६. सेन्सरची जागा बदलली. आधी तो कूलरच्या झोतासमोर होता, म्हणजे खोलीचं नव्हे, कूलरचंच माप घेत होता. आता आजीच्या पलंगाच्या बाजूच्या भिंतीवर, साडेचार फुटांवर, उन्हाच्या भिंतीपासून दूर.

इंटरनेट वेगळं, वायफाय वेगळं

आता सॉफ्टवेअर. आपण रोज बोलताना 'वायफाय गेलं' म्हणतो, पण बहुतेकदा गेलेलं असतं इंटरनेट. राउटर चालू असेल तर घरातल्या वस्तू इंटरनेटशिवायही एकमेकींशी बोलू शकतात. अट एवढीच की नियम घरात असला पाहिजे. माझा नियम दूरच्या सर्व्हरवर होता. सेन्सरपासून रिलेपर्यंतचं अंतर आठ फूट, पण संदेश कुठल्या देशातून फिरून येत होता कुणास ठाऊक.

म्हणून जुन्या लॅपटॉपवर होम असिस्टंट टाकलं. हे मुक्त सॉफ्टवेअर २०१३ पासून चालत आलंय आणि घरातच चालतं. रिले निवडताना इंटरनेटशिवाय चालणारा बघितला. खोक्यावर 'मॅटर' हे चिन्ह असेल तर काम सोपं होतं. २०२२ मध्ये आलेल्या या मानकात घरातल्या घरात ताबा ठेवणं हाच पाया आहे. काही जण रिलेतलं सॉफ्टवेअर बदलून ईएसपीहोम किंवा टास्मोटा टाकतात. तसं करणार असाल तर रिले २३० व्होल्टला जोडलेला असताना संगणकाची वायर चुकूनही लावू नका, जिवावर बेतेल.

नवा नियम असा: आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की पंप बंद, ५५ च्या खाली आली की चालू. मधलं दहाचं अंतर मुद्दाम ठेवलंय, नाहीतर ६५ वर येऊन पंप दर मिनिटाला चालू-बंद होत बसेल. दुसरा नियम: वीज परत आली की पंप चालू. तिसरा: सेन्सरकडून दहा मिनिटं काही कळलं नाही, तर पंप चालू. आमच्या घरात चूक व्हायचीच असेल तर ती गारव्याच्या बाजूनं व्हावी.

मग शेवटचा हात कुणाचा?

सरकारनं मर्यादा घालू नये, असं मला वाटत नाही. जपाननं २००५ पासून 'कूल बिझ' मोहिमेत उन्हाळ्यात कार्यालयं २८ अंशांवर ठेवण्याचं आवाहन केलंय. स्पेननं ऑगस्ट २०२२ मध्ये सार्वजनिक इमारती आणि दुकानांत २७ च्या खाली एसी नेण्यावर बंदी घातली. तिथल्या नियमांचा रोख सार्वजनिक जागांवर होता, आपल्याकडचा विचार मशीनचाच आहे, हा फरक मोठा. तरी २० अंशांची मर्यादा नियम म्हणून सगळ्यांना सारखी आणि आधी माहीत असलेली असेल. तिच्यावर संसदेत, पेपरात, कट्ट्यावर भांडता येईल.

मला जास्त काळजी आहे ती न दिसणाऱ्या हाताची. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एका गरम दिवशी एक्सेल एनर्जी या वीज कंपनीच्या सुमारे २२ हजार ग्राहकांना आपल्याच थर्मोस्टॅटवर तापमान बदलता येईना. सवलतीच्या बदल्यात त्यांनी एका योजनेत नाव नोंदवलं होतं आणि विजेच्या आणीबाणीत कंपनीनं ताबा घेतला. करारात ते लिहिलेलं होतं. पण करार वाचतो कोण?

आपल्याकडे हे अजून असं आलेलं नाही, पण दिशा त्याच बाजूची आहे. महावितरणनं १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत जाहीर केली. दिवसा सौरऊर्जा भरपूर असते, म्हणून. विदर्भातल्या दुपारी जळणाऱ्या विजेसाठी ही चांगली गोष्ट आहे. एसी असेल तर पाचच्या आत खोली गार करून मग दोन अंश वर नेता येईल, आणि असलं वेळेचं गणित थर्मोस्टॅटला छान जमतं. पण उद्या कुणी म्हणालं, 'जास्त सवलत देतो, ताबा आम्हाला द्या', तर सही करण्यापूर्वी एकच विचारा: माझ्या आजीला गरम होत असेल, तर तिला भिंतीवरचं बटण दाबता येईल का?

कुठलीही स्मार्ट वस्तू घेण्याआधी मी आता चार गोष्टी तपासतो. इंटरनेट काढल्यावर ती चालते का? वीज जाऊन आल्यावर कोणत्या स्थितीत उठते? कंपनीनं उद्या ॲप बंद केलं तर हातानं वापरता येते का? आणि घरातल्या ज्या माणसाकडे स्मार्टफोन नाही, त्याला ती वापरता येते का? दुकानात विचारून उत्तर मिळत नाही. घरी आणून राउटरची वायर काढा आणि मेन स्विच खाली-वर करून बघा. परत करायची मुदत असते तेवढ्यात हे करून टाका.

आमच्या बोर्डावर त्या टू-वे बटणाशेजारी आईनं पांढरी पट्टी चिकटवून पेनानं लिहिलंय: 'वर – आपलं, खाली – मोबाईलचं.' मी पुण्यातून बघतो तेव्हा ते बटण कधी वर असतं, कधी खाली. मी विचारत नाही.